आजारी फिंच पक्ष्याची घरगुती शुश्रूषा : शरीरक्रियेच्या दृष्टीने एक विवेचन

पिंजऱ्यात पाळलेला लहानसा फिंच एके दिवशी पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेला दिसतो; दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी मृत आढळतो. हे पक्षी पाळणाऱ्या बहुतेकांना असा अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असतो. ‘काही कळायच्या आत गेला’ एवढे म्हणून पाळणारा मनाचे समाधान करून घेतो. परंतु हे समाधान फारसे खरे नाही. पक्षी बहुधा एका रात्रीत आजारी पडलेला नसतो. तो काही दिवसांपासून आजारी असतो आणि ते लपवून ठेवीत असतो. आपल्या लक्षात येते तेव्हा त्याच्याजवळ थोडेच तास उरलेले असतात, आणि ते तास बहुतेकदा चुकीच्या गोष्टी करण्यात खर्ची पडतात.

या थोड्या तासांत घरच्या घरी काय करता येते, काय करू नये आणि त्यामागील कारणे कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरवर पाहता घरगुती वाटेल. तथापि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो दोन कारणांनी जवळचा आहे. एक तर झेब्रा फिंच हा आज जगातील अनेक प्रयोगशाळांत पाळला जाणारा पक्षी आहे. पक्ष्यांच्या गायनशिक्षणाविषयीचे पुष्कळसे ज्ञान त्याच्यापासून मिळालेले असून २०१० साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. पक्ष्यांमध्ये कोंबडीनंतरचा तो दुसरा. दुसरे असे की, उष्णता, चयापचय व शरीराचे आकारमान यांचा जो परस्परसंबंध आपण वर्गात सूत्ररूपाने शिकतो, तो आजारी फिंचच्या बाबतीत प्रत्यक्ष जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो.

१. फिंच म्हणजे कोणते पक्षी

आपल्याकडे घरोघरी ‘फिंच’ म्हणून जे पक्षी पाळले जातात, ते बहुतेक मनोलीच्या कुळातील, म्हणजे एस्ट्रिल्डिडी कुळातील होत. युरोपातील खऱ्या फिंचांचे कुळ निराळे आहे. कॅनरी हा त्या कुळातला. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातील व तिमोरच्या आसपासच्या बेटांवरील, आणि रंगीबेरंगी गूल्डियन फिंच उत्तर ऑस्ट्रेलियातील. ‘बंगाली फिंच’ या पक्ष्याचा बंगालशी संबंध केवळ नावापुरता आहे. पांढऱ्या पाठीच्या मनोलीपासून जपानमध्ये सुमारे अडीचशे वर्षांच्या पैदाशीने तो निर्माण झाला. त्याचे हे पूर्वज आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही वावरतात.

भारतातील वन्य मनोल्या मात्र पाळता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांना संरक्षण आहे व त्यांना पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. बाजारात कोणी लाल मनोली किंवा ठिपकेवाली मनोली देऊ केली, तर ती रानातून धरून आणलेली आहे असे समजण्यास हरकत नाही. यापुढील विवेचन पिंजऱ्यात पैदास झालेल्या विदेशी फिंचांपुरतेच आहे, आणि त्यातही मुख्यतः झेब्रा फिंचला अनुलक्षून आहे.

२. बारा ग्रॅमांचा हिशेब

झेब्रा फिंचचे वजन साधारणतः १२ ग्रॅम असते. पाळीव जातींत ते थोडे अधिकही आढळते. त्याच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ मोठे आणि उष्णता बाहेर जाण्याचा वेगही मोठा. ही उष्णता भरून काढण्यासाठी लहान प्राण्याला चयापचयाची भट्टी सतत जोरात पेटती ठेवावी लागते.

लासिएव्हस्की व डॉसन यांनी १९६७ साली पक्ष्यांच्या मूलभूत चयापचयाची सूत्रे मांडली. चिमणीच्या गणातील पक्ष्यांसाठी त्यांचे सूत्र असे : किलोग्रॅममधील वजनाचा ०·७२४ हा घात घेऊन त्यास १२९ ने गुणावे, म्हणजे दिवसाच्या किलोकॅलरी मिळतात. १२ ग्रॅमांच्या पक्ष्यासाठी हे उत्तर सुमारे ५ किलोकॅलरी येते. साठ किलोग्रॅमांच्या माणसाला मूलभूत चयापचयासाठी सुमारे १,५०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर वजनाच्या प्रमाणात फिंचची गरज माणसाच्या पंधरा-सोळापटींहून कमी भरत नाही. शिवाय हा खर्च स्वस्थ, उपाशी व उबदार जागी बसलेल्या पक्ष्याचा आहे. हालचाल, थंडी व आजार यांचा खर्च त्यावर वेगळा.

एवढ्या मोठ्या खर्चाच्या मानाने शिल्लक फारच थोडी असते. निरोगी पक्षीसुद्धा रात्रीचे बारा तास दिवसा साठविलेल्या थोड्याशा चरबीवर व अन्नपुटातील दाण्यांवर काढतो. आजाराने त्याचे खाणे निम्म्यावर आले, तर पहिली रात्र कशीबशी निभते. दुसऱ्या रात्री चरबी संपते आणि छातीचे स्नायू जळू लागतात. फिंच पहाटे मेलेले आढळतात ते यामुळेच. रोग कोणताही असो, शेवटचा धक्का पुष्कळदा उपासमार व थंडी यांच्या संयोगाने बसतो.

घरगुती शुश्रूषेचे सारे मर्म या हिशेबात आहे. रोगाचे निदान आपल्याला घरी करता येईलच असे नाही. परंतु पक्ष्याचा खर्च कमी करणे व त्याची मिळकत वाढविणे या दोन गोष्टी आपल्या हाती निश्चित आहेत.

३. आजार ओळखावा कसा

थव्यात राहणाऱ्या लहान पक्ष्याला अशक्तपणा दाखविणे परवडत नाही, कारण शिकारी प्राण्याचे लक्ष प्रथम त्याच्याकडेच जाते. म्हणून माणूस जवळ येताच आजारी फिंच पिसे आवळून, डोळे उघडून, ताठ बसतो. त्याची खरी स्थिती पाहावयाची असेल, तर दूर उभे राहून, त्याला आपली चाहूल लागू न देता पाच-दहा मिनिटे निरीक्षण केले पाहिजे.

पुढील चिन्हे महत्त्वाची होत : भर दिवसा पिसे फुलवून बसणे, दोन्ही पायांवर बसून डोळे मिटणे, दांडी सोडून तळाशी येणे, नराचे गाणे थांबणे, श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, आणि दाण्यांच्या भांड्याशी सतत बसूनही टरफले न दिसणे. हे शेवटचे चिन्ह अनेकांची फसगत करते. पक्षी भांड्यात चोच घालतो म्हणजे खातो असे नव्हे. दाणा सोलला गेला आहे की नाही, हे टरफलांवरून ठरवावे.

पिसे फुलविण्याचा अर्थही समजून घेतला पाहिजे. फुलविलेल्या पिसांत हवा कोंडली जाते व ती उष्णतारोधक थराचे काम करते. म्हणजे आजारी पक्षी आपल्याला एवढेच सांगत असतो की, शरीरातील उष्णता टिकविणे त्याला जड जात आहे.

निरीक्षणाला वजनाची जोड द्यावी. सोनार वापरतात तसा ०·१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा विजेरी काटा आता सहज मिळतो. झाकणाच्या लहान डबीचे वजन आधी घेऊन तीत पक्षी ठेवून तोलावा. तेही दररोज सकाळी, त्याच वेळी. १२ ग्रॅमांच्या पक्ष्यात १·२ ग्रॅमांची घट डोळ्यांना दिसत नाही. परंतु सत्तर किलोग्रॅमांच्या माणसाचे सात किलोग्रॅम उतरावेत तशीच ती आहे. छातीवरून बोट हलकेच फिरविले असता उरोस्थीची कड धारेसारखी लागत असेल, तर स्नायू झडू लागले आहेत असे समजावे.

विष्ठेचेही परीक्षण करावे. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घातला की ते सोपे जाते. निरोगी विष्ठेत तीन भाग दिसतात : आतड्यातील गडद हिरवट किंवा तपकिरी भाग, मूत्रपिंडांतून येणारे पांढरे युरेट आणि थोडेसे स्वच्छ पाणी. युरेट पिवळे किंवा हिरवे होणे, विष्ठेत रक्त किंवा न पचलेले दाणे दिसणे, अथवा विष्ठाच न होणे, ही गंभीर चिन्हे होत.

४. ऊब : पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपचार

भोवतालच्या तापमानाचा असा एक पट्टा असतो की, त्यात शरीराला केवळ तापमान राखण्यासाठी जादा उष्णता निर्माण करावी लागत नाही. मोठ्या प्राण्यांत हा पट्टा बराच खाली सुरू होतो; फिंचसारख्या लहान पक्ष्यांत तो सुमारे ३० अंश सेल्सियसच्या आसपास सुरू होतो. आजारी फिंचला २९ ते ३२ अंशांत ठेवावे असे पक्षिवैद्यक सांगते, त्यामागील कारण हेच. पुण्यातील हिवाळ्याच्या रात्री खोलीत १५ अंश तापमान असेल, तर ऊब नाकारणे म्हणजे अशक्त पक्ष्याकडून न झेपणारे काम करवून घेणे होय.

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एक लहान पिंजरा घ्यावा, त्याच्या तीन बाजू व वरचा भाग कापडाने झाकावा आणि एका टोकाला, पिंजऱ्याच्या बाहेर, कापडापासून दूर, ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा ठेवावा. हल्लीचे एल. ई. डी. दिवे या कामी निरुपयोगी आहेत, कारण ते उष्णता फारच थोडी देतात. रात्रीसाठी प्रकाश न देणारा चिनीमातीचा तापक अधिक चांगला. दिवा एकाच टोकाला ठेवण्यात हेतू आहे : एक टोक उबदार व दुसरे थोडे गार राहते आणि पक्षी स्वतः हवी ती जागा निवडू शकतो. तापमापक पक्षी बसतो त्या उंचीवर टांगावा. हाताने अंदाज करू नये.

वीज जाण्याची शक्यता आपल्याकडे गृहीत धरलीच पाहिजे. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून लावता येते. मात्र ती थंड झाल्यावर उलट पक्ष्याचीच उष्णता शोषून घेते, हे विसरू नये.

ऊब देण्याला मर्यादा आहेत. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला व पंख शरीरापासून दूर धरू लागला, तर उष्णता जास्त होत आहे; ती लगेच कमी करावी. विदर्भात मे महिन्यात गॅलरीतील पक्षी अशाच स्थितीत सापडला, तर तो उष्माघात होय. त्याला सावलीत हलवावे, पाय साध्या पाण्याने ओले करावेत, हवा खेळती ठेवावी. बर्फाचे पाणी वापरू नये. तसेच भिंतीवर किंवा काचेवर आदळून डोक्याला मार लागलेल्या पक्ष्यालाही अधिक ऊब देऊ नये; त्याला शांत, अंधाऱ्या व साधारण तापमानाच्या जागी ठेवावे. थोडक्यात, फुललेल्या पक्ष्याला ऊब द्यावी, धापा टाकणाऱ्याला देऊ नये.

पक्षी सुधारल्यावर त्याला एकदम बाहेर काढू नये. रोज दोन-तीन अंशांनी तापमान उतरवीत, वजन स्थिर राहते असे पाहूनच त्याला मूळ पिंजऱ्यात न्यावे.

५. अन्न, पाणी व प्रकाश

खर्च कमी केल्यावर मिळकतीकडे वळावे. दांड्या तळापासून बोटभर उंचीवर आणाव्यात. दाणे व पाणी पक्ष्याच्या अगदी समोर, उथळ झाकणात ठेवावेत. काही दाणे तळाच्या कागदावरही पसरावेत. आजारपण ही आहार सुधारण्याची वेळ नव्हे. पक्ष्याच्या ओळखीचा राळा, बाजरी किंवा राळ्याचे सबंध कणीस, जे तो खाईल ते द्यावे. भिजवून नुकते मोड आलेले दाणे किंवा उकडलेल्या अंड्याचा थोडा चुरा यांचा उपयोग होतो. पण असे ओले अन्न आपल्या हवेत दोन-तीन तासांत आंबते, तेव्हा ते वेळेवर काढून टाकावे.

पाण्याच्या बाबतीत एक चूक फार घडते. पक्षी पीत नाही असे पाहून त्याच्या चोचीत पिचकारीने किंवा ड्रॉपरने पाणी सोडले जाते. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असते. जबरदस्तीने सोडलेले पाणी तिकडे गेले, तर पक्षी तत्काळ गुदमरतो. चोचीच्या कडेला एक थेंब टेकवावा व पक्ष्याने तो स्वतः गिळावा, एवढेच सुरक्षित आहे. झेब्रा फिंच रखरखीत प्रदेशातला पक्षी असून सरावाने कोरड्या दाण्यांवर दीर्घकाळ पाण्यावाचून राहू शकतो, हे प्रयोगांनी दाखविलेले आहे. परंतु ही क्षमता निरोगी पक्ष्याची आहे. अतिसार झालेल्या पक्ष्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे होय.

अंधारात फिंच खात नाही. हिवाळ्यात संध्याकाळी मंद दिवा लावून खाण्याचा काळ एक-दोन तासांनी वाढविल्यास रात्रीचा उपवास तेवढाच कमी होतो. मात्र पुरेशी झोपही आवश्यक असल्याने रात्रभर प्रकाश ठेवू नये.

जोडीदाराचा प्रश्न नाजूक आहे. झेब्रा फिंच जोडीने राहणारा पक्षी असून जोडीदारापासून वेगळे केल्यास त्याच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचे संप्रेरक वाढते व पुनर्मीलनानंतर उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. उलटपक्षी संसर्गाचा धोकाही खरा आहे. म्हणून आजारी पक्षी वेगळ्या पिंजऱ्यातच ठेवावा. जोडीदाराची हाक त्याला ऐकू येईल इतपत अंतर मात्र राखावे.

६. पक्षी हातात धरणे

पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे मध्यपटल नसते. उरोस्थी व बरगड्या पुढेमागे हलून वायुकोशांत हवा खेळते, तेव्हाच श्वास चालतो. म्हणून छातीभोवती मूठ आवळली, तर नाक-तोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरून मरतो. त्याची पाठ आपल्या तळव्यावर यावी, मान तर्जनी व मध्यमा यांच्यामध्ये हलकेच राहावी आणि छातीवर कोणताही दाब पडू नये. पकडण्यापूर्वी खोली अंधारी केल्यास पाठलाग टळतो. अतिशय धापा टाकणाऱ्या पक्ष्याला प्रथम ऊब व विश्रांती द्यावी. तपासणी मागाहून करावी.

पक्ष्याच्या शरीरात रक्त वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा असते. फिंचमध्ये ते जेमतेम सव्वा मिलिलिटर भरेल. यावरून तुटलेल्या नखातून गळणारे चार-पाच थेंब क्षुल्लक का नाहीत, हे कळून येईल. अशा वेळी नखाच्या टोकावर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे व रक्त थांबल्याची खात्री करूनच पक्षी सोडावा.

७. काही नेहमीचे विकार

अंडे अडकणे : मादी फुगून तळाशी बसते, शेपटी हलवून जोर करते, पोटाचा खालचा भाग फुगलेला दिसतो. कॅल्शियमची उणीव, थंडी व लागोपाठची वीण ही त्याची मुख्य कारणे. स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते, आणि तेच कवचात खर्च झालेले असते. ऊब, थोडी दमट हवा व द्रवरूप कॅल्शियम यांनी काही माद्या सुटतात. अंडे दाबून काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ते आत फुटल्यास मादी वाचणे कठीण. काही तासांत अंडे बाहेर न आल्यास पशुवैद्याकडे न्यावे.

श्वासमार्गातील माइट : स्टर्नोस्टोमा ट्रॅकिआकोलम हा सूक्ष्म परजीवी श्वासनलिकेत व वायुकोशांत राहतो, तो विशेषतः गूल्डियन फिंच व कॅनरी यांच्यात आढळतो. आवाज बसणे, श्वासाबरोबर टिकटिक असा ध्वनी येणे व चोच पुसत राहणे ही त्याची चिन्हे. मानेवरील पिसे ओली करून मागून प्रखर प्रकाश टाकल्यास श्वासनलिकेत काळे ठिपके कधीकधी दिसतात. यावर आयव्हरमेक्टिनसारखी औषधे आहेत. परंतु त्यांची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

आतड्याचे रोग : आयसोस्पोरा वंशातील आदिजीवांमुळे अतिसार व कृशता येते. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिमणीच्या गणातील पक्ष्यांत या परजीवीचे ऊसिस्ट मुख्यतः दुपारनंतरच्या विष्ठेत बाहेर पडतात. सकाळचा नमुना तपासून ‘परजीवी नाहीत’ असा निर्वाळा देणे म्हणूनच अविश्वसनीय ठरते. मॅक्रोऱ्हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर या जठरातील कवकाची कथाही उद्बोधक आहे. लांब काडीसारख्या आकारामुळे त्यास दीर्घकाळ प्रचंड जीवाणू समजत. ते कवक असल्याचे २००३ साली सिद्ध झाले. पक्षी भरपूर खात असूनही कृश होत जातो, हे त्याचे लक्षण. कॉक्लोसोमा हा आदिजीव बंगाली फिंचच्या शरीरात काहीही त्रास न देता राहू शकतो. पण त्यांच्याकरवी वाढविलेल्या गूल्डियन पिलांना तो मारक ठरतो.

धाग्याचा फास : घरट्यासाठी दिलेला कापूस, काथ्या किंवा सुतळीचे तंतू पायाला गुंडाळले जाऊन बोटे सुजतात व काळी पडतात. बारीक कात्रीने, भिंगातून पाहून, प्रत्येक धागा कापावा.

मांजराचा दात : जखम दिसत नसली तरी मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला जीवाणूंमुळे एक-दोन दिवसांत रक्तदोष होऊन पक्षी मरू शकतो. येथे मात्र प्रतिजैविकाची गरज तातडीची असते.

८. औषधांविषयी दोन शब्द

वर सांगितलेले विकार बाहेरून सारखेच दिसतात : फुललेली पिसे, मिटलेले डोळे, कृशता. परंतु त्यांची कारणे माइट, आदिजीव, कवक, जीवाणू व कॅल्शियमची उणीव अशी भिन्न आहेत, आणि जीवाणूंवरील प्रतिजैविक त्यांपैकी एकावरच लागू पडते. असे असूनही पक्षी विकणाऱ्याकडून मिळालेली पिवळी भुकटी पाण्यात मिसळणे हाच आपल्याकडील सर्वसाधारण उपचार आहे.

प्रस्तुत लेखकानेही एकेकाळी तेच केले. एक झेब्रा मादी सुस्त दिसू लागताच दुकानदाराच्या सल्ल्याने पाण्यात औषध घातले व पिंजरा होता तेथेच, डिसेंबरच्या थंडीत, गॅलरीत राहू दिला. औषध दिल्याच्या समाधानात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती मेली. तिचे वजन नऊ ग्रॅम भरले आणि जठरातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता मॅक्रोऱ्हॅब्डसच्या काड्या स्पष्ट दिसल्या. त्या भुकटीचा तिच्या रोगाशी काहीच संबंध नव्हता. एक दिवा व एक काटा यांनी ती वाचलीच असती असे म्हणवत नाही. परंतु पशुवैद्याकडे पोहोचण्यापुरता अवधी तिला मिळाला असता.

पाण्यातून औषध देण्यातील दोष तर्कानेही समजतो. आजारी पक्षी पाणी कमी पितो. औषधाने चव बदलली की आणखी कमी पितो. म्हणजे ज्याला मात्रा सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. अपुऱ्या मात्रेने प्रतिकारक्षम जीवाणू निवडले जातात, आणि हा धोका त्या पिंजऱ्यापुरता राहत नाही. माणसासाठी बनविलेल्या गोळीचा ‘छोटासा तुकडा’ देणे याहूनही वाईट. साठ किलोग्रॅमांच्या व १२ ग्रॅमांच्या देहात पाच हजारपटींचे अंतर आहे, व तेवढा लहान तुकडा कोणालाही पाडता येत नाही.

९. घरगुती उपचार कोठे थांबावेत

चोच उघडून श्वास घेणे, रक्तस्राव, अडकलेले अंडे, झटके, मोडलेले हाड, मांजराचा चावा, अथवा ऊब देऊनही काही तासांत खाणे सुरू न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरी थांबू नये. पक्षी लहान झाकलेल्या पेटीत, उबेत, पशुवैद्याकडे न्यावा. सोबत ताज्या विष्ठेचा कागद व वजनांची नोंद न्यावी. ही नोंद निदानाला फार साहाय्य करते.

एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले, तर प्रश्न एका घरापुरता राहत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पाळीव पक्ष्यांत एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा पहिला उद्रेक झाला, हे आपण विसरता कामा नये. अशा वेळी मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता नजीकच्या पशुसंवर्धन कार्यालयास कळवावे. एरवी एखादा पक्षी मेल्यास त्याचे शव गोठवू न देता थंड जागी ठेवून शवविच्छेदनासाठी पाठवावे. गोठविल्याने ऊतकांची रचना बिघडते व सूक्ष्मदर्शकी परीक्षण अवघड होते. मेलेल्या पक्ष्याचे निदान हे उरलेल्यांसाठी पुष्कळदा सर्वांत उपयुक्त औषध ठरते.

१०. प्रतिबंध

नवा पक्षी किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. दाणे पावसाळ्यात बुरसतात; कोकण व मुंबईच्या दमट हवेत ते हवाबंद डब्यात थोडे थोडेच ठेवावेत. दाण्यांची प्रत पाहण्यासाठी शंभर दाणे भिजवून किती रुजतात ते मोजावे. निम्मेही न रुजल्यास तो माल टाकून द्यावा. कॅल्शियमसाठी समुद्रफेन पिंजऱ्यात सदैव असावा व अधूनमधून कोवळे ऊन मिळावे. संध्याकाळी डासांपासून संरक्षणासाठी जाळी लावावी, कारण डासांमुळे पक्ष्यांतील देवीचा रोग पसरतो.

स्वयंपाकघरात पक्षी ठेवू नये. पक्ष्यांच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेने वाहते व वायूंची देवघेव अतिशय कार्यक्षम असते. म्हणून विषारी वायूही त्यांच्या रक्तात लवकर उतरतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सूचनेवरून ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी नेले जात ते याच कारणासाठी. ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. आजच्या घरात तोच धोका न चिकटणाऱ्या तव्याच्या रूपाने आहे. असा तवा रिकामा तापून जास्त गरम झाल्यास त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा की, आजारी फिंचच्या शुश्रूषेत क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम ऊब, मग समोर अन्नपाणी, मग वजन व विष्ठेची नोंद, त्यानंतर तज्ज्ञाचे निदान आणि सर्वांत शेवटी औषध. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. बारा ग्रॅमांचा पक्षी स्वस्त मिळतो. म्हणून त्याच्या आजाराकडे दुर्लक्ष करणे व मेल्यावर दुसरा आणणे सोपे वाटते. परंतु त्याला पिंजऱ्यात आपण ठेवले आहे. उबेची जागा शोधणे, चांगला दाणा निवडणे किंवा थव्यात शिरून शरीर गरम राखणे हे सारे मार्ग आपण त्याच्यासाठी बंद केले आहेत. जे त्याने स्वतः केले असते ते आपण करणे, एवढीच जबाबदारी आपल्यावर येते. ती पार पाडण्यासाठी दयाबुद्धीइतकीच अचूक निरीक्षणाची गरज आहे, आणि तेवढे तरी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षिले पाहिजे.